तसबिरीतील शिपायांना नावे द्या

गेल्या महिन्यात सक्करदऱ्यातील एका नवदीक्षित कुटुंबाने आम्हांस आपल्या घरी बोलाविले. हे कुटुंब उमरेडकडील एका खेड्यातून येऊन तेथे स्थायिक झालेले आहे. गेल्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी त्यांनी दीक्षाभूमीवर त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा ग्रहण केल्या आणि घरी परतताच भिंतीवरील देवादिकांच्या तसबिरी खाली उतरविल्या. एका तसबिरीविषयी मात्र घरात मतभेद झाला. ती पलटणीचा जुना ग्रूप-फोटो होती. चार रांगांत बेचाळीस माणसे. मधल्या खुर्च्यांवर गोरे अंमलदार. मागे कौलारू बराक व एक कडुनिंब. फोटोतील एका माणसाच्या माथ्यावर काचेवरून कुंकू लावलेले होते आणि दरसाल पितृपक्षात त्या फोटोला हार पडत असे. घरच्या तरुण मुलाचे म्हणणे असे की, ज्या फोटोची देवासारखी पूजा झाली आणि ज्यातील टोप्यांच्या बिल्ल्यावर जुन्या जातीचे नाव कोरलेले आहे, तो बौद्धाच्या घरात कशाला हवा? वडिलांचे म्हणणे असे की, तो आपला आजा आहे; त्याला घराबाहेर कसे काढावे?

आम्ही वकील असल्यामुळे निवाडा आमच्याकडे आला. परंतु काचेजवळ डोळे नेऊन पाहू लागताच आमच्या ध्यानी आले की, या वादाच्या आधी एक दुसराच प्रश्न सुटावयास हवा. ज्याला कुंकू लावीत होतो, तो माणूस आपला आजा आहे हे कशावरून? उरलेले एकेचाळीस कोण? आणि हा फोटो कोठला व केव्हाचा? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणापाशीही नव्हते. अशी घरे विदर्भात व उर्वरित महाराष्ट्रात पुष्कळ असतील. म्हणून हा विषय आम्ही आज अग्रलेखात घेत आहोत.

प्रथम तसबीर ठेवावी की नाही याचा विचार करू. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा स्पष्ट त्याग आहे. तेव्हा कुंकू पुसलेच पाहिजे व पितृपक्षातील हार बंद झालाच पाहिजे. परंतु पूजा सोडणे वेगळे आणि स्मरण सोडणे वेगळे. वैशालीचा सेनापती सिंह निर्ग्रंथांचा अनुयायी होता. तो भगवान बुद्धांना शरण आला, तेव्हा भगवंतांनी त्याला आधी नीट विचार करण्यास सांगितले. पुढे त्याला उपासक म्हणून स्वीकारतानाही ते म्हणाले की, तुझ्या घरी निर्ग्रंथांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती पुढेही मिळावी. धम्मांतराने मनुष्याची श्रद्धा बदलते. त्याची मागील नाती व उपकार रद्द होत नाहीत, हाच त्या उपदेशाचा आशय होय. जो अन्य पंथीयांच्या भिक्षेला लागू, तो आपल्याच रक्ताच्या आजोबाला लागू नाही काय?

शिवाय बिल्ल्यावरील ते नाव तेथे कसे आले, हे समजून घेतल्यावाचून ते खरडून टाकणे म्हणजे आपल्याच बापजाद्यांनी जिंकलेला एक दावा आपल्या हाताने काढून घेणे होय. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगाव येथे झालेल्या लढाईचा स्तंभ सर्वांना ठाऊक आहे. त्यावर बावीस महार सैनिकांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभाला मानवंदना दिली. परंतु ज्यांनी स्तंभ उभारला त्यांनीच पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढवय्या व बिनलढवय्या जातींचे शास्त्र काढून आमच्या लोकांना लष्कराचे दार बंद केले. निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली व शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची गरज पडली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि हा प्रश्न त्यांनी पुन्हा धसास लावला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण उभी राहिली ती आपल्या नागपूरच्या उशाशी, कामठीच्या छावणीत. या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता व ‘महार’ हा शब्द होता. गावात ज्या शब्दाने माणसाला वेशीबाहेर ठेवले जात होते, तोच शब्द टोपीवर लावून आमचा शिपाई ताठ उभा राहिला.

काही वाचक विचारतील, परक्या राज्याच्या सैन्यात गेलेल्यांचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. गोऱ्या साम्राज्याचा गौरव करण्याचे आम्हांला काही कारण नाही, आणि युद्ध ही बौद्धाने आनंद मानावा अशी गोष्टही नाही. परंतु हिटलरशाहीचा पराभव झालाच पाहिजे, अशी बाबासाहेबांची त्या काळी ठाम भूमिका होती. आणि या समाजाला पलटणीने नियमित पगार दिला, अक्षरओळख दिली, मान वर करून चालण्याची सवय दिली. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते आणि महूच्या छावणीत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, हे आपण विसरू नये. तेव्हा तसबीर ठेवावी. देव्हाऱ्यात नव्हे, भिंतीवर. पूजेसाठी नव्हे, परिचयासाठी.

पण परिचय म्हटला की तो खरा असला पाहिजे. येथे आम्ही न्यायालयात पुरावा तपासतो त्याच रीतीने हा फोटो तपासला. ती रीत वाचकांना उपयोगी पडेल म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

पहिली साक्ष टोपीवरील बिल्ल्याची. भिंगातून पाहिले असता स्तंभ दिसत होता. बंदुकांची जोडी दिसत नव्हती. हे महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगनची झाली आणि त्यानंतरच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे केवळ स्तंभ असलेला बिल्ला १९४१ नंतरचा व मशीनगन येण्यापूर्वीचा समजावा. घरात हा फोटो ‘एकाहत्तरच्या लढाईचा’ म्हणून सांगितला जात होता. बिल्ल्याने ती समजूत एका क्षणात खोटी ठरविली.

दुसरी साक्ष बाहीवरील फितींची. एक फीत लान्सनाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. ज्याच्या बाहीवर काहीच नाही तो शिपाई. खांद्यावर तारे असलेले देशी अंमलदार म्हणजे जमादार व सुभेदार. पैकी जमादार हा हुद्दा १९६५ साली नायब सुभेदार झाला. तेव्हा जुन्या कागदात ‘जमादार’ दिसल्यास तो झाडूवाल्यांचा मुकादम समजून गोंधळू नये.

तिसरी साक्ष स्थळाची, आणि ती सर्वांत फसवी. फोटोच्या पुठ्ठ्यावर कामठीच्या एका स्टुडिओचा पुसट शिक्का आहे. त्यावरून फोटोग्राफरचे दुकान कोठे होते एवढेच सिद्ध होते. कौलारू बराक व कडुनिंब कामठीशी जुळतात हे खरे. परंतु कौलारू बराकी इतर छावण्यांतही होत्या. पहिली व तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर होती. दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या मोहिमेत व नंतर इराकमध्ये गेली. पंचविसावी पलटण देशातच बंदोबस्तास होती. फोटोत डोंगर वा वाळवंट दिसले असते तर शोधाची दिशा बदलली असती. येथे शिक्का, बराक व झाड ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवितात, म्हणून ‘बहुधा कामठी, दुसरी पलटण’ असे आम्ही लिहिले. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे.

नागपुरात आणखी एक घोटाळा संभवतो. गणवेशातील प्रत्येक जुना समूह लष्कराचाच असतो असे नाही. युद्ध चालू असतानाच, जुलै १९४२ मध्ये, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला, महिलांची परिषद झाली आणि समता सैनिक दलाचीही परिषद झाली. दलाचे स्वयंसेवक कवायत करीत, रांगेत उभे राहत व फोटो काढून घेत. त्यांची नातवंडे आज त्यांना ‘मिलिटरीतले’ म्हणतात. ज्या फोटोत रेजिमेंटचा बिल्ला नाही, हुद्द्याच्या फिती नाहीत, खुर्चीवर गोरा अंमलदार नाही, तो फोटो दलाचा तर नाही ना, हे अवश्य पाहावे. आणि तो दलाचा निघाला तर खंत करू नये. पगार न घेता समतेसाठी रात्रीचा पहारा करणारा माणूस पगारी शिपायाहून तसूभरही उणा नव्हता.

आता माणसांची ओळख. कुंकवाचा टिळा मधल्या रांगेत उभ्या असलेल्या, तीन फिती लावलेल्या, भरदार मिशांच्या हवालदारावर होता. गावात आजोबांना ‘हवालदार’ म्हणत. म्हणून घरच्यांनी फोटोतील सर्वांत रुबाबदार हवालदार आपला मानला होता. परंतु घरातील पत्र्याच्या पेटीत आजोबांचा लष्करातून मुक्त झाल्याचा कागद निघाला. त्यावर हुद्दा ‘शिपाई’ असा होता. मग आजोबांची धाकटी बहीण पाचपावलीला नातवाकडे राहते तिला आणविले. वय नव्वदीला टेकलेले, एका डोळ्याने दिसत नाही. कोणीही काही सुचवू नये, अशी ताकीद आम्ही घरच्यांना आधीच देऊन ठेवली होती. ओळख-परेडीत साक्षीदाराला बोट दाखवून चालत नाही, हाच नियम येथेही हवा. म्हातारीने भिंग घेतले, बराच वेळ पाहिले, हवालदारावरून नजर फिरवून ती जमिनीवर मांडी घालून बसलेल्या पहिल्या रांगेकडे गेली. डावीकडून चौथा. बाहीवर फीत नाही. गुडघ्यावर ठेवलेल्या डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. “वकीलसाहेब, चेहरा विसरली मी, पण हे बोट नाही विसरली. बंडीच्या चाकात सापडलं होतं, मीच रडत घरी सांगाले गेली होती.” मुक्ततेच्या कागदावर शरीरावरील खुणांचा रकाना असतो. तो आम्ही मुद्दाम तोवर कोणाला वाचून दाखविला नव्हता. त्यात डाव्या करंगळीचा उल्लेख होता.

घरात क्षणभर शांतता पसरली. पंचवीस-तीस वर्षे ज्याला हार घातला तो आपला नव्हता. आणि आपला होता तो पायाशी, जमिनीवर बसलेला, बिनफितीचा. घरच्या तरुण मुलाचा चेहरा उतरला. त्याला आम्ही जे सांगितले तेच येथे सर्व वाचकांना सांगतो. चुकीच्या माणसाला आपला म्हणण्यात दोन घरांचे नुकसान आहे. आपला खरा आजा आपण गमावतो, आणि तो हवालदार ज्यांचा आहे त्यांचा आजा आपण पळवितो. उद्या त्या घरची नात हाच फोटो घेऊन शोधास निघाली आणि तिला त्याच चेहऱ्याखाली आपल्या कुळाचे नाव दिसले, तर तिने कोणाकडे दाद मागावी? मानासाठी घेतलेले हे खोटे नाव म्हणजे मुसावादच होय. चौथे शील केवळ तोंडच्या बोलण्यासाठी नाही. ते फोटोखाली लिहिलेल्या नावासही लागू आहे. आणि शिपाई असण्यात कमीपणा तो कोणता? कोरेगावच्या स्तंभावरील नावांतही साध्या शिपायांची नावे आहेत. त्यांची नावे कोणीतरी दगडावर लिहिली म्हणून आपण आज त्यांना ओळखतो. आमच्या या फोटोच्या पुठ्ठ्यावर मात्र खुर्चीवरील गोऱ्या अंमलदारांचीच नावे छापलेली आहेत; उभ्या असलेल्यांची व जमिनीवर बसलेल्यांची नाहीत. ती लिहिण्याचे काम आपल्यावर येऊन पडले आहे.

हे काम केवळ भावनेचे नाही, हक्काचेही आहे. त्याच घरातील मुलीला महाविद्यालयीन प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे आहे. महाराष्ट्र शासनाने बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० साली दिल्या. केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश करण्यास १९९० साल उजाडले. परंतु सवलत मिळविण्यासाठी आपण कोणत्या मूळ जातीतून आलो हे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदीला मोठे वजन असते. खेड्यातील शाळेची पाने वाळवीने खाल्ली, कोतवालबुकाचा पत्ता नाही, अशा घरात लष्करातून मुक्त झाल्याचा कागद हा लाखमोलाचा ठरू शकतो. केवळ फोटोने जात सिद्ध होत नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु फोटो पलटण सांगतो, पलटण कागदाचा माग सांगते. ज्या प्रतिज्ञेने आपण जात टाकली, त्याच आपण जातीचा पुरावा शोधावा यात काहींना विसंगती वाटेल. ती विसंगती आमची नसून, ज्या समाजाने जन्मावर अन्याय लादला त्याची आहे. अन्यायाची भरपाई मागताना अन्यायाची नोंद दाखवावीच लागते.

कायद्यानेही घरातील तसबिरीची दखल घेतलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३२व्या कलमात एक तरतूद होती. ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २६व्या कलमात आली आहे. मृत व्यक्तींमधील रक्ताच्या, विवाहाच्या वा दत्तकाच्या नात्याविषयी मयत माणसाने कुळाच्या वंशावळीत, समाधीच्या दगडावर वा कुटुंबाच्या तसबिरीवर लिहून ठेवलेले विधान पुराव्यात येऊ शकते. अट एकच मोठी आहे : ते विधान वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असावे. तसेच तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर ज्याचे म्हणून दिसते त्याचेच आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. जुन्या कायद्यात हे ९०वे कलम होते, नव्यात ९२वे. यांतून बोध एवढाच घ्यावयाचा की, गरज पडल्यावर घाईने लिहिलेल्या ओळीला किंमत नाही. आज, कोणताही तंटा नसताना, जाणत्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळीला आहे.

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांना आमचे सांगणे असे. घरात असा फोटो असेल तर तो पुठ्ठ्यावरून उचकटू नका व चेहऱ्यांवर शाईने खुणा करू नका. त्याची चांगली प्रत काढा, प्रतीवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या आणि वेगळ्या कागदावर क्रमांकवार नावे लिहा. ओळख कोणी पटविली, कशावरून पटविली, कोणत्या तारखेस, हेही लिहा आणि ओळख पटविणाऱ्याची सही वा अंगठा घ्या. जे निश्चित त्यापुढे ‘निश्चित’, जे संभवनीय त्यापुढे ‘बहुधा’, जे ठाऊक नाही त्यापुढे ‘अज्ञात’ असे लिहिण्यास लाजू नका. घरातील वृद्ध स्त्रियांना आधी विचारा. पुरुषांना पलटणीचे नाव आठवते. बहिणीला बोट आठवते. पत्र्याच्या पेट्या, गाडगी, जुन्या ट्रंका उघडून पाहा. पहिल्या महायुद्धातील पदक सापडल्यास त्याची कडा तपासा. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण तेथे कोरलेली असते. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे, आणि नागपुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जो परत आलाच नाही त्याचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत घ्यावा. रंगूनजवळ तौक्यान येथील स्मारकावर ज्यांची कबर वा चिता कोणास ठाऊक नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे आहेत.

एक गोष्ट आणखी. असा ग्रूप-फोटो निघाला की पुष्कळ शिपाई आपापली प्रत विकत घेऊन गावी पाठवीत. म्हणजे सक्करदऱ्यातील या फोटोच्या प्रती भंडाऱ्यास, चंद्रपुरास, अमरावतीस, कोकणातही कोणाच्या भिंतीवर असू शकतील. एका घराला एक नाव ठाऊक असेल, दुसऱ्याला दुसरे. प्रती एकत्र आल्या तर नावे एकत्र येतील. ज्यांच्याकडे असा फोटो असेल त्यांनी त्याची प्रत आमच्याकडे अवश्य पाठवावी. मूळ फोटो मात्र कोणाच्याही हाती देऊ नये, आमच्याही नाही.

सक्करदऱ्यातील त्या भिंतीवर आज एका बाजूस भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर आहे आणि समोरच्या बाजूस हा फोटो. कुंकू पुसले आहे, हार काढला आहे. खाली कागदावर बेचाळीस क्रमांक आहेत. आजोबांचे नाव पहिल्या रांगेत चौथ्या क्रमांकापुढे शिपाई म्हणून लिहिलेले आहे. म्हातारीने त्यांच्या दोन सोबत्यांनाही ओळखले. त्यांपैकी एकापुढे ‘बहुधा’ आहे. अंमलदारांची नावे पुठ्ठ्यावर होतीच. बाकी सर्वांपुढे, त्या मिशांच्या हवालदारापुढेही, घरच्या मुलाने आपल्या हाताने ‘अज्ञात’ असे लिहिले आहे. तो हवालदार कोणाचा तरी आजा आहे. तो ज्यांचा असेल त्यांनी यावे आणि आपला माणूस ओळखावा.